ट्रान्सफरचा आकडा छापता, तसा दोन वर्षांनी हिशोबही छापा

मा. संपादक साहेब,

स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे, हे आधीच सांगतो. कापलंत तरी चालेल, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा. विषय आहे फुटबॉलमधल्या ट्रान्सफरचा, म्हणजे पैसे मोजून एका क्लबातून दुसऱ्या क्लबात आणलेल्या खेळाडूंचा.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, पंचवीसएक वर्षं झाली. दुकानात रेटच्या बोर्डाशेजारी पेपरातलं एक कात्रण चिकटवलेलं आहे, जानेवारी २०१८ मधलं, अलेक्सिस सांचेझ आर्सेनल सोडून मँचेस्टर युनायटेडला आला तेव्हाचं. सात नंबरची लाल जर्सी, खाली मोठ्या अक्षरात पगाराचा आकडा. मी ९९ पासूनचा युनायटेडवाला. बायर्न म्युनिकविरुद्धची चॅम्पियन्स लीगची फायनल शेजारच्यांच्या टीव्हीवर रात्री सव्वाबारापासून बघत बसलो होतो, नव्वद मिनिटं झाली तरी एक शून्यानं मागं, घरचे म्हणाले झोप आता, आणि मग आधी शेरिंगहॅम आणि नंतर सोल्शियर, दोन मिनिटांत दोन गोल, आमच्या गल्लीतली झोपलेली माणसं माझ्या ओरडण्यानं उठून बाहेर आली. त्या दिवसापासून हा क्लब माझा झाला तो झालाच. त्यामुळं सांचेझ आला तेव्हा मी ते कात्रण स्वतःच्या हातानं कापलं, खळ लावून भिंतीवर चिकटवलं आणि त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला.

आर्सेनलकडं तो काय खेळायचा हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. १६६ मॅच, ८० गोल. हरलेली मॅच असली तरी शेवटच्या मिनिटाला डिफेंडरच्या मागं जीव तोडून पळणारा माणूस, आपल्याकडं अशा पोराला लोक डोक्यावर घेऊन नाचतात. तोच माणूस युनायटेडला आला आणि ४५ मॅचमध्ये ५ गोल, त्यातले लीगमधले फक्त ३. पगार आठवड्याला ४ लाख पौंडांच्या आसपास असं इंग्लंडच्या पेपरांनी छापलं होतं, म्हणजे आपल्या रुपयात तेव्हाच्या भावानं साडेतीन कोटींच्या वर, आणि हे महिन्याचं नव्हे, आठवड्याचं. दीड सीझननंतर २०१९ ला त्याला लोनवर, म्हणजे काही काळापुरता उसना, इंटर मिलानला पाठवलं, तेव्हाही पगारातला हिस्सा युनायटेडच भरत होतं, आणि २०२० ला एकही पैसा न घेता सोडून दिला.

आता माझं म्हणणं नीट समजून घ्या, कारण हा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात, तुला त्यांच्या पैशाचा त्रास का होतो, तुझ्या खिशातून जातात का. मला कुणाच्या पैशाचा हेवा नाही. फुटबॉलरचं करिअर फार तर पंधरा वर्षांचं, एक वाईट टॅकल बसला की संपलं, मैदान भरतं ते त्यांच्यामुळं, टीव्हीचे पैसे येतात ते त्यांच्यामुळं, मग त्यांना मिळावेत ना, मालकानं एकट्यानं का घ्यावेत. पण घेतलेल्या पैशाचं काम झालं का नाही, हे विचारायचंच नाही का? आणि काम झालं नाही तर त्याची भरपाई कोण करतं? मला गेली सात आठ वर्षं हे टोचतंय.

माझ्या धंद्यातलं सांगतो. शेतकरी जळलेली मोटर टेम्पोत घालून घेऊन येतो, उसाचं पाणी थांबलेलं असतं, त्याचा जीव वर खाली होत असतो. मी मोटर खोलतो, जळकं कॉपर काढतो, स्लॉट साफ करतो, मोजून नवीन कॉइल भरतो, वार्निश मारून वाळवतो आणि सहा महिन्यांची गॅरंटी देतो. महिन्याच्या आत परत जळून आली आणि चूक माझ्या भरण्यात असली तर मी परत भरून देतो, एक रुपया मागत नाही, वर त्याचं पाणी चार दिवस अडलं म्हणून तोंड खाली घालून ऐकून घेतो. आणि चूक माझी नसेल तर? तेही दिसतं. एक फेज जाऊन मोटर जळलेली असली की काही कॉइल काळ्याठिक्कर होतात आणि बाकीच्या तशाच चकचकीत राहतात. मी शेतकऱ्याला आत वाकून दाखवतो, मामा हे बघा, हे लाईटीनं झालंय, भरण्यानं नव्हे. तो बघतो आणि मान हलवतो, भांडण होत नाही. खोलून दाखवलं की माणसाला कळतं.

फुटबॉलमध्येही दोन्ही गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करून बघायला पाहिजेत. एडन हझार्डचंच घ्या. २०१९ ला चेल्सीकडून रियल माद्रिदला गेला, १० कोटी युरोच्या वर किंमत, चार सीझनमध्ये ७६ मॅच आणि ७ गोल. आकडा बघितला की कुणीही म्हणेल बुडवलं. पण पहिल्याच वर्षी घोट्याला लागलं आणि ते दुखणं परत परत उलटत राहिलं, बत्तिसाव्या वर्षी, २०२३ ला माणूस रिटायर झाला. ही फेज जाऊन जळलेली मोटर आहे. सुट्टीत वजन वाढवून आलो होतो हे त्यानं स्वतःच कबूल केलं होतं, तेवढा त्याचा दोष मी धरतो, पण घोटा मोडला त्याला तो काय करणार. अशा माणसाला पगारचोर म्हणणारे आमच्या ग्रुपवर पण आहेत, त्यांच्याशी माझं जमत नाही.

पण बाकीच्यांचं काय. युनायटेडनं २०२१ ला डॉर्टमुंडकडून जेडन सँचोला आणला, ७ कोटी ३० लाख पौंड. ८३ मॅच, १२ गोल. २०२३ च्या सप्टेंबरला आर्सेनलविरुद्ध टीममध्ये घेतला नाही, मॅनेजर म्हणाला ट्रेनिंगमध्ये कमी पडला, यानं सोशल मीडियावर उलट लिहिलं, मग फर्स्ट टीमपासून बाजूला, जानेवारीत लोनवर परत डॉर्टमुंड. तिथं गेला आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला असा खेळला की मी टीव्हीसमोर डोक्याला हात लावून बसलो. २०२२ ला आयॅक्सकडून अँटनी आणला, ८ कोटी पौंडांच्या वर. दुसऱ्या सीझनला पूर्ण लीगमध्ये त्याचा गोल एक. एक! २०२५ च्या जानेवारीत स्पेनला बेटिसला लोनवर दिला आणि तिकडं जाऊन पोरगं खुललं, हसायला लागलं, गोल मारायला लागलं.

मग २०२५ चा मे बघा. २१ तारखेला बिल्बाओत युरोपा लीगची फायनल, युनायटेड टॉटनहॅमकडून एक शून्यानं हरलं. बरोबर आठवड्यानं, २८ तारखेला, पोलंडमध्ये कॉन्फरन्स लीगची फायनल, चेल्सी विरुद्ध बेटिस, आणि त्या मॅचमध्ये एकीकडं चेल्सीला लोनवर गेलेला सँचो, दुसरीकडं बेटिसचा अँटनी. दोघंही कागदावर युनायटेडचे! सँचोनं तर चेल्सीकडून गोल पण मारला. आमच्या क्लबनं दोघांवर मिळून दीडशे कोटी रुपये नव्हेत, दीडशे मिलियन पौंड घातले, म्हणजे पंधरा कोटी पौंड, आणि त्यांची कामाची मॅच बघायची तर दुसऱ्यांच्या जर्सीत. ती मॅच बघताना मला किती वाईट वाटलं ते युनायटेडवाल्यालाच कळेल. आणि पुढं चेल्सीनं सँचोला विकत घ्यायचं ठरलेलं असताना ५० लाख पौंड दंड भरला आणि त्याला परत पाठवला. विचार करा, ठेवण्यापेक्षा दंड परवडला.

लोक विचारतात, नाही खेळत तर विकून का टाकत नाहीत. इथं हिशोबाची एक गोम आहे आणि ती आपल्या मराठी पेपरात कधी कुणी उलगडून सांगत नाही म्हणून मी सांगतो, माझा सीए मेहुणा आहे त्यानं मला एका रविवारी वहीवर मांडून दाखवली. समजा खेळाडू ८ कोटीला घेतला आणि करार पाच वर्षांचा केला. क्लब ते ८ कोटी एकदम खर्चात दाखवत नाही, पाच भाग करतो, दरवर्षी १ कोटी ६० लाख. तीन वर्षं झाली की वहीत अजून ३ कोटी २० लाख उरलेले असतात. तेवढ्यात विकला तर ना नफा ना तोटा. पण खेळ पडलेला असतो, बाजारात त्याला २ कोटी द्यायला पण कुणी तयार नसतं, आणि २ कोटीला विकला की त्या वर्षीच्या वहीत १ कोटी २० लाखांचा तोटा लगेच दिसतो. प्रीमियर लीगचा २०२५-२६ च्या सीझनपर्यंतचा नियम असा होता की तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांच्या वर तोटा दाखवता येत नाही, मग क्लब घाबरायचा. त्यात खेळाडूला इथं जो पगार आहे तेवढा दुसरा कुणी देणार नसतो, तो म्हणतो माझा करार आहे, मी कशाला हलू. कायद्यानं त्याचं बरोबरच आहे, कागदावर सही आहे. म्हणून मग लोन, अर्धा पगार तुम्ही भरा अर्धा आम्ही भरतो, आणि असं करत करत करार संपायची वाट बघायची. अँटनीलाही आधी लोनवर दिला आणि शेवटी २०२५ च्या सप्टेंबरला बेटिसला विकला तो अडीच कोटी युरोच्या आसपास, घेतलेल्या किमतीच्या चौथाई.

हे नवीन नाही. चेल्सीत विन्स्टन बोगार्ड म्हणून डच डिफेंडर होता, २००० ला आला, चार वर्षांचा करार, आठवड्याला ४० हजार पौंड, चार वर्षांत मॅच खेळला १२. नवीन मॅनेजरला नको होता, क्लबनं जा म्हणून सांगितलं, तो गेला नाही, रोज ट्रेनिंगला यायचा आणि करार पूर्ण करून गेला. सुंदरलँडचा जॅक रॉडवेल, क्लब खालच्या डिव्हिजनला गेला की बाकीच्यांचा पगार कमी झाला आणि याच्या करारात ते कलमच नव्हतं. क्लब २०१७ ला खाली गेला तरी याचा आठवड्याचा ७० हजार पौंडांचा आकडा तिथंच, आणि २०१८ ला क्लब आणखी खाली गेला. मी या दोघांना पण पूर्ण दोष देत नाही. कलम घालायचं विसरलं कोण? ऑफिसात बसलेला माणूस. एक कलम. आम्ही साधी मोटरची पावती करताना पण मागं चार ओळी छापून घेतो.

सही कोण करतो ते बघा, खरी गोष्ट तिथं आहे. सांचेझला आणला तेव्हा युनायटेडचा कारभार एड वुडवर्डकडं होता, मूळचा बँकेतला माणूस. त्यानं नंतर गुंतवणूकदारांना काय सांगितलं, तर सांचेझच्या पोस्टला सोशल मीडियावर किती प्रतिसाद मिळाला आणि जर्सी किती खपल्या. त्याच वर्षी पुढं त्यानं असंही सांगितलं की मैदानावरच्या कामगिरीचा आमच्या धंद्याच्या बाजूवर तसा फार फरक पडत नाही. हे वाचलं त्या दिवशी मला कळलं की मी चहा पाजत होतो ते कशासाठी. त्यांच्यासाठी माझं ते कात्रण म्हणजेच यश होतं, गोल नव्हे.

आणि मग बिल आलं. २०२४ ला क्लबनं अडीचशेच्या आसपास माणसं कमी केली, २०२५ च्या फेब्रुवारीत आणखी दीडशे ते दोनशे कमी करणार म्हणून जाहीर केलं. ओल्ड ट्रॅफर्डवरचं, म्हणजे क्लबच्या मैदानावरचं, स्टाफचं फुकट जेवण बंद झालं, त्या जागी फळं ठेवली. ही कोण माणसं, तर मैदानाबाहेरची कामं करणारी साधी नोकरदार माणसं. त्यांनी कुणी अँटनीला ८ कोटीला घ्या म्हणून सांगितलं नव्हतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उरलेल्या मॅचची न विकलेली तिकिटं ६६ पौंड केली, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. आधी पोराचं तिकीट २५ पौंडाला मिळायचं. बाप पोराला घेऊन जातो, आजोबा नातवाला, असंच तर माणूस क्लबचा होतो. तो सीझन संपला तेव्हा युनायटेड पंधराव्या नंबरवर, ४२ पॉइंट, १८ हार. १९७४ ला खाली गेल्यापासून एवढं वाईट कधी नव्हतं.

२०२५ च्या मार्चमध्ये युनायटेडचे भागीदार मालक जिम रॅटक्लिफ साहेबांनी मुलाखतीत सांगितलं की काही खेळाडू तेवढ्या दर्जाचे नाहीत आणि काहींना बहुतेक जास्त पगार दिला जातोय, आणि आधी घेतलेल्या खेळाडूंचे हप्ते अजून फेडतोय. बोलले ते खरं बोलले. पण हे वाक्य कॅन्टीन बंद करायच्या आधी आठवायला पाहिजे होतं.

आर्सेनलचं २०२० तर माझ्या मनातून जात नाही. मेसुत ओझिलला २०१८ ला नवीन करार दिला, आठवड्याला साडेतीन लाख पौंड. २०२० च्या मार्चनंतर तो आर्सेनलसाठी एकही मॅच खेळला नाही, पुढच्या सीझनला तर लीगच्या यादीत नावच दिलं नाही, बसून पगार. कोविडचा काळ, क्लबनं ५५ नोकऱ्या कमी करायचं ठरवलं, आणि त्यात त्यांचा तो मॅस्कॉट, मैदानावर फिरणारा हिरवा डायनासोर, पोरांचा लाडका, त्याच्या आत १९९३ पासून जो माणूस उभा राहायचा त्याची पण नोकरी गेली. तेव्हा ओझिलनंच पुढं येऊन सांगितलं की मी इथं आहे तोवर त्याचा पगार मी भरतो. म्हणून मी म्हणतो सगळा दोष खेळाडूवर टाकू नका. ओझिलचं मन मोठं होतं, पण न खेळणाऱ्या माणसाच्या एका आठवड्याच्या पगारात तो डायनासोरवाला किती वर्षं राहिला असता, हे करार करणाऱ्याला दिसायला नको होतं का.

बार्सिलोनाचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात सांगतो. नेमार गेल्यावर आलेल्या पैशात डेंबेले, कुटिन्हो, आणि पुढं २०१९ ला ग्रीझमन, प्रत्येकी १० कोटी युरोच्या वर. कुटिन्हो बसेना म्हणून त्याला बायर्नला लोनवर दिला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये बायर्ननं बार्सिलोनाला ८-२ नं हरवलं त्यात शेवटचे दोन गोल कुटिन्होचे, पगाराचा मालक समोर उभा. पुढच्याच वर्षी क्लबचे अध्यक्ष लापोर्टांनी सांगितलं की पगारच उत्पन्नाच्या १०३ टक्के झालेत. आणि ८ ऑगस्ट २०२१ ला मेस्सी टिश्यूनं डोळे पुसत बसला होता, ते सगळ्या जगानं बघितलं. कोल्हापुरात अर्जेंटिनावाले किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडं त्या संध्याकाळी मोठी मोठी माणसं रडत होती. बाकीच्यांच्या पगारापायी ज्यानं क्लब उभा केला त्यालाच जावं लागलं.

आता म्हणाल, हे सगळं परदेशातलं. पुण्याचं सांगतो. २०१४ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग सुरू झाली, प्रत्येक टीमला एक मोठं नाव पाहिजे म्हणून मार्की खेळाडू. पुण्याला डेव्हिड त्रेझेगे आला, ९८ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममधला, २००० च्या युरो फायनलला गोल्डन गोल मारलेला. मी आणि भाचा पहाटेची एसटी धरून बालेवाडीला गेलो. त्याला समोर बघून अंगावर काटा आला, बॉल पायाला चिकटल्यासारखा यायचा. पण माणूस तेव्हा ३७ वर्षांचा होता, ९ मॅच, २ गोल. मुंबईला ल्युंगबर्ग आणला, दुखापतीमुळं ४ मॅच. दिल्लीला देल पिएरो, १ गोल. लोक बघायला आले हे खरं, मी पण गेलो, ते मी नाकारत नाही. पण २०१९ ला पुण्याची टीमच बंद झाली, हैदराबादला गेली. त्याआधी पुणे एफसीसारखा चांगली ॲकॅडमी चालवणारा क्लब २०१५ ला गेला. आज पुण्यातल्या पोराला आपल्या शहराची आयएसएल टीम बघायला मिळत नाही. त्या मोठ्या नावांच्या पैशात किती पोरांची सोय झाली असती, हा हिशोब कुणी केला का? माझ्या तरी वाचनात नाही.

अजून जवळचं सांगतो, नाव कुणाचं घेणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका संघानं सीझनसाठी बाहेरून एक स्ट्रायकर आणला. पेठेतून वर्गणी काढली, मी पण पाच हजार दिले, भाजीवाल्या मावशींनी पण शंभर दिले. अर्धे पैसे आधी दिलेले. पहिल्या मॅचला शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरल्या होत्या, भडंगाचे पुडे, हलगी, सगळं. विसाव्या मिनिटाला तो गुडघा धरून खाली बसला. नंतर कळलं की गुडघा आधीपासूनच गेलेला होता, आणायच्या आधी कुणी तपासलाच नव्हता. सीझनभर तो पट्टी बांधून बाकावर बसला, राहायचं जेवायचं संघाचं, आणि उरलेले पैसे पण द्यावे लागले कारण तसं ठरलं होतं. त्याच्या जागेवर आधी खेळणारा आमच्याच गल्लीतला पोरगा, वय एकोणीस, सकाळी दूध टाकायचा आणि संध्याकाळी प्रॅक्टिसला यायचा. बुटाचा तळ सुटलेला, तो माझ्या दुकानात येऊन फेविक्विकनं चिकटवायचा आणि वर कॉपर वायरचे दोन वेढे मारायचा, मी त्याला वार्निशचा एक हात मारून द्यायचो, पाणी आत जाऊ नये म्हणून. बाहेरचा येणार म्हटल्यावर त्याला सांगितलं तू यंदा थांब. तो थांबला. पुढच्या वर्षी तो आलाच नाही, एमआयडीसीत फाउंड्रीत लागला, शिफ्ट असते, प्रॅक्टिसला जमत नाही. तो स्ट्रायकर वाईट माणूस नव्हता, जाताना माझ्या पाया पडून गेला. पण ज्यांनी ठरवलं त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही, पुढच्या सीझनला परत तीच माणसं वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात.

मँचेस्टर काय आणि आमची पेठ काय, मला एकच गोष्ट दिसते. आणताना गाजावाजा होतो, आणि नंतर कुणी विचारत नाही.

उपाय काय ते मोठी माणसं ठरवतील. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, पगार आणि ट्रान्सफर मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांची मर्यादा आणलीय, आठ आठ वर्षांचे करार करून किंमत पसरवायची पळवाट पण पाच वर्षांवर आणून बंद केली, चांगलं केलं. माझ्या मते पगाराचा मोठा भाग खेळलेल्या मॅचला बांधावा, दुखापत झाली तर पूर्ण संरक्षण द्यावं, त्यात हात आखडता घेऊ नये, पण फिट असून ट्रेनिंगला मन लावत नाही त्याला पूर्ण पगार कशाला? आणि क्लब खाली गेला की सगळ्यांचा पगार खाली, ऑफिसातल्या साहेबांचा सगळ्यात आधी. कॅन्टीनला हात लावायच्या आधी हे करा.

तुमच्याकडून मला एवढंच पाहिजे. ट्रान्सफरची विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायची-विकायची ठरलेली मुदत, उघडली की तुमच्या क्रीडा पानावर रोज एक आकडा असतो, अमुक इतक्या कोटींना, तमुक विक्रमी पगार. पोरं ते वाचून वेडी होतात, मी पण झालो होतो. छापा, नका छापू म्हणत नाही. पण त्याच पानावर, विंडो बंद होईल त्या दिवशी, दोन वर्षांपूर्वी ज्यांचे आकडे छापले होते त्यांचा हिशोब द्या. किती मॅच, किती गोल, दुखापतीनं किती बाहेर, क्लब कितव्या नंबरवर, तिकीट किती वाढलं, स्टाफ किती कमी झाला. आयएसएलचा पण द्या, आमच्या शाहू स्टेडियमवरच्या सीझनचा पण द्या, तिथं तर तुमचा वार्ताहर रोज बसलेला असतो. अर्धा कॉलम पुरे. मोटर खोलून दाखवतो तसं खोलून दाखवा.

कात्रण मी काल भिंतीवरून काढलं. खळ घट्ट बसलेली, एक कोपरा फाटला. मागच्या बाजूला पेनानं ४५ मॅच, ५ गोल असं लिहिलंय आणि पत्रासोबत जोडलंय. सुरुवात त्याच्यापासून केलीत तरी चालेल.

आपला,
एक युनायटेडवाला
उद्यमनगर, कोल्हापूर